चुन्याची निवळी

“आवं नाना, वाटीभर आंब द्या की. मामंजींच्या कुशीत पहाटंपासनं लय कळ मारतीया.”

शेजारची संयोगिता दारात उभी होती. चार दिवसांत नाथाजींच्या उंबऱ्यावर आलेलं पहिलं माणूस.

“पोटात का कुशीत?”

“कुशीत. तितनं खाली जांघंत उतरतीया.”

फडताळाकडे गेलेला नाथाजींचा हात थांबला. माघात संध्याकाळी हरभऱ्यावर फडकं अंथरायचं, पहाटे दवानं भिजलेलं ते पिळून आंब काढायची, हे त्यांच्या बायकोचं, मनुबाईचं काम. पोटदुखीला सारी रहिमतपूरची आळी तिच्याकडे यायची. ती गेल्यावरही नाथाजींनी नेम मोडला नव्हता. त्या निमित्तानं तरी कोणी येतं.

“न्हाई देत.”

“आं? बाटल्या तर भरल्याल्या दिसत्यात! वर न्यायच्या हायत व्हय?”

त्यांनी पेल्यात थोडी आंब ओतली, वरून चुन्याची निवळी. दोन्ही नितळ; पण मिसळताच पांढरा गढूळपणा आला आणि हळूहळू तळाशी साका बसू लागला.

“बत्तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचा धुतल्या गं. सर दरसाल शिकवायचे. ऑक्झॅलिक आम्ल म्हंजे दोन कर्ब एकमेकांना धरून बसल्यालं, दोघांचा एकेक हात मोकळा. सोडियमनं हात धरला, तर हुणारं मीठ पाण्यात विरघळतं. चुन्यानं दोनी हात धरलं, की पाण्याला दाद न्हाई. मूतखडा बहुतेक त्याचाच. आन् आंबंत ह्ये आम्ल असतंच.”

“मामंजी तिकडं तळमळत्यात, आन् तुमी निरूपण लावलंय!”

“मनूला बी कुशीतच कळ यायची,” नाथाजी पेल्याकडे बघत म्हणाले. “मी सकाळ-संध्याकाळ आंब पाजली. खडाच हुता. दोनी किडन्या गेल्यावर कळलं. समदं ऐकल्यालं हुतं गं. घरी आणलं न्हाई.”

हे संयोगिताला, आळीला, कोणालाच ठाऊक नव्हतं.

“ह्यांना गाडी काढाय सांगते,” म्हणत ती पळाली.

दुपारी साताऱ्याहून तिचा फोन आला. खडाच होता, वेळेत आणलं ते बरं झालं, असं डॉक्टर म्हणाले होते. “नाना, आता समद्यास्नी सांगते बघा, आंब पिऊ नगा म्हणून.”

“सांग, बाई,” नाथाजी म्हणाले. फोन ठेवून त्यांनी साऱ्या बाटल्या परसात रित्या केल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीनं जाग आली. आता फडकं पिळायला शेतात जायचं नव्हतं. देवळात भूपाळी सुरू झाली होती. अंथरुणावर बसूनच ते हलक्या हातानं ताल धरत राहिले.