थांबलेला टिकाव

लाल दगडाची खाण बंद पडून सात महिने झाले होते. कमठाणा गावाच्या अंगाला राहणाऱ्या खाणकामगारांच्या घरी चूल पेटायची ती बेकारी भत्त्यावर. अट एकच: कुठं काम करताना दिसला, की नाव कटलं. पण तेवढ्यात भागतं कुणाचं? राजूबाईचा नवरा राघोबा दुपारी घरामागच्या बंद खाणीत उतरून चोरून दगड काढायचा. धोक्याला तांबडं फडकं ही खाणीतलीच रीत. तपासणीवाला आला तर राजूबाईनं मागच्या दोरीवर तांबडं लुगडं टाकायचं आणि त्यानं टिकाव थांबवायचा, असं ठरलं होतं.

आज तपासणीचे चनमल्लप्पा साहेब न सांगताच दारात मोटारसायकल लावून आले.

"अक्का, राघोबा कुठंय?"

"उदगीरला गेलेत, काम हुडकायला."

बोलली खरी, पण तिचे कान मागेच होते. खाणीतून ठोके येत होते. दोन लागोपाठ, मग एक दमानं. शंभर जणांत तिनं तो हात ओळखला असता.

"हे कोण ठोकायलंय?"

"शेजारी हीर खणायलेत, साहेब. बसा, पानी आणते."

आत जाऊन तिनं लुगडं उचललं, मागच्या दारात आली. लुगडं अजून हातातच होतं, आणि ठोके थांबले.

गेल्या साली शेजारच्या यल्लम्माच्या नवऱ्याचा टिकाव असाच मध्येच थांबला होता. दरड कोसळून तो गाडला गेला होता.  राजूबाई पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिली. तो आलाच नाही.

"अक्का, हितं अंगठा करा, झालं," बाहेरून साहेब म्हणाले.

ती धावत बाहेर आली. "साहेब, मी खोटं बोलले! मालक खाणीत हायत. दरड पडली जणू. पाया पडते, चला!"

दोघं धापा टाकत काठावर पोचले. खाली राघोबा धडधाकट होता, दगडाआड अंग चोरून बसलेला. पाणी प्यायला वर चढला तेव्हा दारातली मोटारसायकल त्याला दिसली होती.

साहेबांनी मान खाली घालून त्याच्या नावावर रेघ मारली आणि निघून गेले.

"कामून सांगितलीस गं?" राघोबानं खालून विचारलं.

राजूबाई खाली उतरली. तिनं त्याचं मनगट धरलं. ते तिच्यानं सोडवेना.

"भत्ता गेला," राघोबा हळूच म्हणाला. "आता रोज दिवसभर हितंच उतरावं लागंल मला."