वांग्यांभोवतीचे तेजोवलय

रांगेचे शेपूट मळमड्डीच्या चौकापर्यंत पोचले होते आणि तिथले रिक्षावाले भाडे नाकारून रांगेतच उभे राहू लागले होते. वर्णिका हौशी चित्रकार मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाने एवढी गर्दी कधीच पाहिली नव्हती. एरवी सभासद येत, सभासदांचे नातेवाईक येत आणि साड्यांचा सेल समजून चुकून शिरलेल्या काही बायका येत. चित्रे सर्वांत मन लावून पाहत त्या याच. कारण आल्या पावली बाहेर पडणे त्यांना प्रशस्त वाटत नसे.

यंदा फाटकापाशी केदारी उभा होता. तेजोमणी महाराजांचा हा पट्टशिष्य चांदीच्या डबीत काडी बुडवून येणाऱ्या प्रत्येकाच्या डाव्या डोळ्यात अंजनाचा थेंब सोडत होता. फक्त डाव्या. त्यानंतर भक्ताने मांडवात बसून तासभर भजन करायचे. भजनावाचून दृष्टी उघडत नाही, असा नियम होता. मग दालनात प्रवेश.

आणि दृष्टी खरोखरच उघडत होती.

"नोड्री, नोड्री! बघा तरी, दिव्याभोवती काय तेज आहे!"

"त्या चित्रातून प्रकाश सांडतोय की हो!"

ज्या चित्रातून प्रकाश सांडत होता, ते कुसुमावती मुतालिक यांनी काढले होते. पितळी ताटातली तीन वांगी, जलरंग. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या कुसुमावतीबाई मंडळाच्या कार्यवाह होत्या आणि स्वतःच्या चित्रांविषयी त्यांच्या मनात कोणताही भ्रम नव्हता. डावीकडच्या वांग्याची सावली चुकीच्या बाजूला पडली होती, हे त्यांना चित्र वाळल्यावर कळले होते. आता एका बाईने त्या वांग्यांना हात जोडले.

"कुणी काढलंय हो हे?"

"मी."

बाई पाया पडायला वाकल्या. कुसुमावतीबाई दोन पावले मागे सरल्या आणि चित्राकडे पाहू लागल्या. फ्रेमच्या काचेत छताच्या दिव्याचे प्रतिबिंब पडले होते. तेज होते ते एवढेच.

"खाली काय लिहिलंय, जरा वाचता का?" बाईंनी विचारले. "अक्षरं पुसट छापलीत."

अक्षरे ठळक, काळी आणि अंगठ्याएवढी होती. कुसुमावतीबाईंनी "वांगी" असे वाचून दाखवले आणि बाईंच्या डोळ्यांकडे पाहिले. उजव्या डोळ्याची बाहुली मुगाएवढी होती. डाव्या डोळ्याची बाहुली मात्र एवढी पसरली होती की तिच्याभोवती तपकिरी कडेची नुसती रेघ उरली होती.

कुसुमावतीबाईंनी ही नोंद मनात ठेवली आणि त्या दालनाच्या टोकाला गेल्या.

तिथे या सगळ्या गर्दीचे मूळ कारण टांगले होते: त्यांचा धाकटा भाऊ प्रभंजन याचे चित्र, 'कार्तिकातली गल्ली'. तिन्हीसांजेची गल्ली, दोन्ही बाजूंना दिव्यांची रांग, आणि प्रत्येक दिव्याभोवती एक गोल, स्वच्छ, रंगीत वलय. प्रभंजन निवृत्त वकील होता. चष्म्याचा नंबर सारखा बदलू लागला म्हणून कुणीतरी त्याला महाराजांकडे नेले, डाव्या डोळ्यात अंजन पडू लागले आणि कार्तिकात त्याला ही वलये दिसली. महाराजांनी मोबाईलवर चित्र पाहिले आणि दिव्यदृष्टी चित्रात उतरल्याचे जाहीर केले. फलक लागले. मंडळाचे अध्यक्ष गुरुप्रसाद यांनी महाराजांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले. कार्यकारिणीत विरोधाचे मत एकच पडले आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यायला कार्यवाहांनी स्वतःच सांगितले.

प्रभंजन चित्राशेजारी खुर्चीवर बसला होता. गळ्यात हार, कपाळावर हात.

"डोकं दुखतंय?"

"सकाळपासून, अक्का. दोनदा उलटीही झाली. महाराज म्हणाले, शरीर शुद्ध होतंय."

"डोळा लाल झालाय तुझा."

"सुम्निरु, गप्प बस की गं. आज तरी मास्तरीण होऊ नकोस."

कुसुमावतीबाईंचे लक्ष आता चित्राकडे गेले होते. मंडळाच्या फळ्यावर पहिल्या रविवारपासून एकच वाक्य आहे: माहीत आहे ते नव्हे, दिसते ते काढा. त्यासाठी हात ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यायचे. चित्र भिकार काढणारे सभासदही माप मात्र चोख घेतात. आणि माप घेण्यात प्रभंजनचा हात धरणारा मंडळात कुणी नव्हता.

"पुढचा दिवा मोठा आहे आणि गल्लीच्या टोकाचा मोहरीएवढा," त्या म्हणाल्या. "मग वलयं सगळी सारखीच कशी? टोकाच्या दिव्याचं वलय लहान का नाही काढलंस?"

"लहान नव्हतंच ते. मापलंय मी. जेवढं दिसलं तेवढं काढलं."

"खात्री आहे?"

"अक्का, माझ्या मापावर तू संशय घेतेस?"

"नाही," कुसुमावतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज किंचित बदलला होता. "त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

त्या बाहेर गेल्या आणि त्यांनी हुबळीला फोन लावला. डॉक्टर पद्मा त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता हुबळीत डोळ्यांची डॉक्टर होती. बाईंनी अंजन, वलये, डोकेदुखी, उलटी, लाल डोळा एवढेच सांगितले. पलीकडून उत्तर आले, "बाई, मी निघाले. ते अंजन त्यांना आज परत घालू देऊ नका."

महाराज संध्याकाळी आले. डोळ्यांवर काळा गॉगल होता. संन्यासापूर्वी हुबळीच्या कोप्पीकर रोडवर त्यांची गॉगलची गाडी होती, आणि ते तेव्हापासूनच डोळ्यांची सेवा करीत आले आहेत, असे भक्त अभिमानाने सांगत. दालनातल्या उंच आसनावर ते अशा बेताने बसले की मागचा उघडा दिवा नेमका मस्तकामागे यावा.

"उजवा डोळा संसाराचा, डावा साक्षात्काराचा," महाराज म्हणाले. "उजव्यात अहंकार, डाव्यात ओंकार. विज्ञान जिथं थकतं, तिथं माझं अंजन सुरू होतं. परदेशातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी हे मान्य केलंय. कोणत्या देशातल्या, ते त्यांच्याच विनंतीवरून मी सांगत नाही."

टाळ्या पडल्या.

"वकीलसाहेब, सांगा. माझ्या मस्तकाभोवती काय दिसतं?"

प्रभंजन खुर्चीला धरून उठला. "वलय. आत निळसर, बाहेर तांबडं."

गर्दीतून हुंकार उमटला. केदारी डबी घेऊन पुढे झाला आणि त्याने काडी बुडवली. कुसुमावतीबाई त्याच्या आणि भावाच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"कार्यवाह म्हणून एक सूचना," त्या वर्गात बोलावे तशा आवाजात म्हणाल्या. "सर्वांनी डावा डोळा हातानं झाकावा."

सकाळपासून सांगितलेले सगळे ऐकत आलेल्या गर्दीने हेही ऐकले. महाराजांना हा आपल्याच विधीचा भाग वाटला असावा. त्यांनी आशीर्वादाचा हात वर केला.

"आता महाराजांच्या मागे तेज दिसतं?"

"इल्ला, नाही," मागून कुणीतरी म्हणाले.

"गेलं की हो!"

"नुसता बल्ब दिसतोय."

"आता डावा उघडा आणि उजवा झाका."

"आलं! परत आलं!"

"तेज महाराजांच्या डोक्याभोवती असेल, तर उजव्या डोळ्यानं काय पाप केलं?" बाईंनी विचारले.

महाराज म्हणाले, "माताजी, उजवा डोळा अज्ञानी आहे."

"मग त्यातही अंजन घाला. तोही शहाणा होऊ दे."

"घालत होतो की, बाई," केदारी भाबडेपणाने बोलून गेला. "पहिल्या शिबिरात दोन्ही डोळ्यांत घातलं. परत जाताना माणसं पायऱ्यांवरून पडायला लागली."

कुणीतरी फिसकन हसले. महाराजांनी गॉगल सारखा केला.

"कशाचं असतं रे अंजन?" बाईंनी केदारीला विचारले.

"आश्रमाच्या अंगणातल्या झाडाचं. पांढरी, भोंग्यासारखी फुलं येतात, शंकराला वाहतात ती. पानं मीच वाटतो."

"धोत्रा," कुसुमावतीबाई म्हणाल्या.

दारात येऊन उभी राहिलेली डॉक्टर पद्मा पुढे आली. तिने कुणाला नमस्कार केला नाही. ती घाईत होती.

"डोळे तपासायला तुम्ही दवाखान्यात येता तेव्हा आम्ही थेंब घालतो," ती गर्दीला म्हणाली. "मग बाकावर बसवतो. बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो म्हणून. नंतर उजेड टोचतो, दिवे पसरल्यासारखे दिसतात, जवळचं वाचता येत नाही. आठवतंय?"

बऱ्याच माना हलल्या.

"धोत्र्याचा रस तेच करतो. फरक एवढाच, की आमच्याकडे बाकावर भजन नसतं."

या वेळी हसू उघड होते, आणि त्यात रिक्षावाल्यांचा वाटा मोठा होता. पण प्रभंजन हसत नव्हता.

"थांबा," तो म्हणाला. "यांना नुसता पसरलेला उजेड दिसतो. मला रंगीत वलय दिसतं. माझं वेगळं आहे. ते माझं स्वतःचं आहे, अक्का."

"तुझं स्वतःचंच आहे. मी तेच सांगतेय. पेन्सिल काढ."

"आत्ता?"

"आत्ता. माप घे. आधी बल्बचं, मग वलयाचं."

वकिलाने खिशातून पेन्सिल काढली, हात ताठ धरला, उजवा डोळा मिटला. अंगठा दोनदा सरकला.

"आता दालनाच्या दारापर्यंत जा आणि तिथून पुन्हा घे."

महाराज म्हणाले, "वकीलसाहेब, दैवी वस्तूला माप नसतं." पण प्रभंजन चालू लागला होता. समोर मापता येण्याजोगी वस्तू असताना न मापणे त्याला जमण्यासारखे नव्हते. दारापाशी त्याने पुन्हा हात ताठ केला.

"बल्ब केवढा झाला?" बाईंनी विचारले.

"निम्म्याहून लहान."

"आणि वलय?"

प्रभंजनने पुन्हा मापले. मग तिसऱ्यांदा.

"तेवढंच आहे," तो हळूच म्हणाला.

"वलय बल्बभोवती असतं, तर ते बल्बबरोबर लहान झालं असतं. चष्म्यावर पाण्याचा थेंब पडला, तर जवळचा दिवा बघ नाही तर लांबचा, डाग तेवढाच दिसतो. कारण डाग दिव्यावर नसतो, चष्म्यावर असतो. हे वलय तुझ्या डोळ्यात आहे, प्रभंजन. डोळ्यातलं पाणी बाहेर पडायची वाट तुंबली आहे. धोत्र्यानं ती तुंबवली. आत दाब वाढतोय, पुढचा पडदा सुजतोय आणि त्या सुजेतून उजेडाचे रंग फुटताहेत."

प्रभंजनने भिंतीवरच्या आपल्या चित्राकडे पाहिले. पुढचा दिवा, मधला दिवा, मोहरीएवढा दिवा. आणि एकाच मापाची वलये. आयुष्यभर त्याने साक्षीदारांना त्यांच्याच जबानीत पकडले होते.

"मीच लिहून दिलंय की गं हे," तो म्हणाला. "आणि वाचलं नाही."

पद्माने त्याच्या डोळ्यावर टॉर्च धरला. डावी बाहुली जागची हलली नाही. तिने मिटल्या पापणीवरून बोट दाबून पाहिले. "दगड झालाय. बाई, उद्या नाही. आत्ता. माझ्या गाडीतून."

भक्तांनी वाट दिली. हार खुर्चीवर राहिला.

त्या रात्री औषधांनी दाब उतरवला गेला आणि पुढे लेसरने वाट मोकळी करण्यात आली. डोळा वाचला, पण सगळा वाचला नाही. अंजनाची डबी कुसुमावतीबाईंनी पोलिसांकडे दिली आणि तपासणीत धोत्रा निघाला. महाराज तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. तिकडच्या पोलिसांना पत्र गेले. गुरुप्रसादांनी पुढच्या सभेत मागच्या सभेचे इतिवृत्त, त्यातल्या विरोधाच्या एका मतासकट, मोठ्याने वाचून दाखवले आणि कुणाकडेही न पाहता वही मिटली.

पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनाला सभासद आले, सभासदांचे नातेवाईक आले.

प्रभंजनने तीच गल्ली त्याच जागी बसून काढली होती, उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून. वलये नव्हती. लांबचे दिवे लांबच्या दिव्यांएवढेच होते. मात्र उजवीकडे वरच्या कोपऱ्यात कागद कोरा होता.

"राहिलंय का हो हे?" साड्यांचा सेल समजून शिरलेल्या एका बाईने विचारले.

"नाही, पुरं झालंय. या डोळ्याला दिसतं तेवढं काढलंय."

"मग तिथं काळा रंग का नाही दिला?"

"काळं दिसलं असतं तर दिला असता. तिथं काहीच दिसत नाही."

दोन्ही वर्षांची चित्रे शेजारी लावली होती आणि त्यांच्याखाली कार्यवाहांनी ठळक अक्षरांत मजकूर लिहिला होता:

'दिव्याभोवती रंगीत वलय दिसत असेल, तर एकेक डोळा झाकून पाहा. एकाच डोळ्याला दिसले, तर ते दिव्याचे नाही, तुमचे आहे. त्याला नमस्कार करू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. दोन्ही डोळ्यांना दिसले, तरीही जा. कुणी चमत्कार दाखवला, तर तो एकदा जवळून पाहा आणि एकदा लांबून. मापायला पेन्सिल लागते. ती दाराशी ठेवली आहे.'

त्या बाईंनी मजकूर शेवटपर्यंत वाचला. छताच्या दिव्याकडे पाहत आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. मग दाराशी जाऊन पुन्हा दोन्ही. काही दिसले नाही, याचे त्यांना समाधान वाटले. दालनातली बाकीची चित्रेही त्या सावकाश पाहत गेल्या आणि वांग्यांपाशी येऊन थांबल्या.

"या वांग्याची सावली उलट्या बाजूला पडलीय," त्या म्हणाल्या.

"हो," कुसुमावतीबाई म्हणाल्या. चित्र पहिल्यांदा टांगल्यापासून त्या हे वाक्य कुणीतरी म्हणेल याची वाट पाहत होत्या. "बरोबर बघितलंत. चहा घेऊन जा."