निकाली

"दावा निकाली निघाला," असं पाथरे वकिलांनी फोनवर सांगितलं आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, देवापुढे नारळ फोडला. निकाली म्हणजे निकाल लागला, आणि लागला तो आपल्याच बाजूने. नाहीतर वकील आपणहून फोन कशाला करतील? मलाही तेच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा पहार घेऊन गेले. आमच्या आंब्याच्या कलमांकडे जाणारी वाट माझ्या चुलतदिरांनी, अनिलभावजींनी, दगडी गडगा घालून अडवली होती, त्याचे चिरे एकेक करून उतरवायला लागले.

भावजींनी त्यांना अडवलं नाही. पोलिसालाच घेऊन आले आणि वाडी जमल्यावर म्हणाले, "आप्पा, दावा काढून टाकलाय कोर्टाने. तुमचा वकील तारखांना उभाच राहिला नाही. निकाली म्हणजे काय, ते तरी विचारायचं होतंत कोणाला!"

मागे कोणीतरी हसलं. आप्पांनी हातातला चिरा परत गडग्यावर ठेवला, हलत नाही ना ते बघून. तेव्हापासून ते कलमांकडे गेले नाहीत. मळ्यातून लांबची वाट आहे, पण म्हणतात, "मी चोरासारखा मागल्या बाजून् जाणार नाय."

वकिलांची तक्रार बार कौन्सिलकडे करता येते, हे मला नम्रता मॅडमनी सांगितलं. त्या आमच्या नव्या वकील. तक्रार मी लिहिली, तान्ह्या लेकीला, मनस्वीला, पायावर झोपवून, पाय हलवत हलवत. अक्षर बघितलंत तर कळेल. सही आप्पांची. नवरा जहाजावर. रेंज मिळाली की म्हणतो, "तुला योग्य वाटेल ते कर." योग्य वाटायलासुद्धा थोडी झोप लागते, हे त्याला कसं सांगू?

दावा परत उभा करता येईल, पण उशीर फार झालाय, असं मॅडमचं म्हणणं. चूक अशिलाची नव्हती असं पाथऱ्यांनी शपथेवर लिहून दिलं, तर काम सोपं. आणि मग पाथऱ्यांचाच फोन आला. "वहिनी, शपथपत्र तयार ठेवतो. तुम्ही तक्रार मागे घेतल्याचं लिहून आणा. कशाला एकमेकांना त्रास?"

आप्पांनी त्या कागदावरही सही केली. "दे त्याला. वाट मिळूंदे म्हणजे झालां. तू दमलंस बाय. मी पण."

मनस्वीला कडेवर घेऊन, कागद तिच्या लंगोटांच्या पिशवीत घालून मी पाथऱ्यांच्या ऑफिसात गेले. बाहेरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. मनस्वी रडायला लागली तशी ती सरकून बसली आणि आपला पदर आमच्यासमोर धरलान.

"पाज गो तिला. मी धरलंय. हात धुतलेत हां, पण मासळीचा वास येईल. मिरकरवाड्यातली मी, सखू."

"येऊ दे," मी म्हटलं. पदराआड मनस्वी शांत झाली. मलाही तिथेच डोळे मिटावेसे वाटले.

"तुझी पण केस हाय?"

"सासऱ्यांची."

"माझी सुटली!" ती कानाशी येऊन म्हणाली. "मासळी सुकवायची जागा गो, दिरान् कुंपण घातलान होतान. काल वकिलांचा फोन. दावा निकाली निघाला म्हणाले. पेढे आणलेत त्यांना. घे, तुला पण. पाजतंस, गोड खा."

तिने पेढा माझ्या तोंडातच घातला. मी तो तसाच गालात धरून ठेवला.

आतून हाक आली. पाथरे वाईट दिसत नव्हते. डोळ्यांखाली काळं, खुर्चीवर फायली, मनस्वीपुढे त्यांनी बिस्किटाचा पुडा सरकवला. शपथपत्र समोरच होतं.

"आणलंत ना?"

"बाहेर सखूबाई आहेत," मी म्हटलं. "त्यांचा दावा कसा निकाली निघाला?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "ते वेगळं प्रकरण आहे, वहिनी."

"तारखेला उभे होतात?"

"एकटा माणूस मी, कुठे कुठे पुरणार? तुम्ही तुमचं बघा ना."

"त्यांनी पेढे आणलेत."

मनस्वी बिस्किटाचा पुडा चघळत होती. मी तो तिच्या हातातून सोडवला आणि टेबलावर ठेवला. पिशवी उघडली नाही.

"मग शपथपत्र मिळणार नाही," ते म्हणाले. रागाने नाही, कंटाळून.

"कळलं मला."

बाहेर येऊन सखूबाईंच्या शेजारी बसले. कसं सांगायचं ते आत ठरवलं नव्हतं.

"आजी, निकाली म्हणजे जिंकलं नव्हे हो. वकील गेले नाहीत, म्हणून कोर्टाने दावा काढून टाकला."

"म्हंजे हरले मी?"

"हरला पण नाहीत. तुमचं कोणी ऐकलंच नाही."

ती पेढ्यांच्या पुडीचा दोरा परत बांधत राहिली. गाठ बसेना, तेव्हा मी गाठीवर बोट धरलं. "दिराच्या दारात पण वाटले गो मी," एवढंच म्हणाली. मी तिला नम्रता मॅडमकडे घेऊन गेले. तिचा दावा कालच काढून टाकलाय, अजून वेळेत आहे, असं मॅडम म्हणाल्या. आमचा अर्ज शपथपत्राशिवायच करू, पण भरवसा देत नाही.

घरी आप्पा पडवीत वाट बघत होते. "दिलंस?"

मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पेढ्यांचं सांगितलं. आपली वाट बहुतेक गेली, हेही सांगितलं. आप्पांनी विचारलं, "तिला कोण हसला नाय ना?"

"नाही. आम्ही दोघीच होतो."

त्यांनी कागद फाडला. मनस्वीला माझ्याकडून घेतलंनी, खांद्यावर टाकलंनी आणि पायरी उतरले.

"तू पड जरा. मी हिला कलमां दाखवून आणतंय."

"कुठून जाणार?"

"मळ्यातून," आप्पा म्हणाले. "दुसरी वाट हाय कुठे?"