बटाट्यांची अढी

एकोणीसशे अठ्ठावन्न साली मथुरा घाटावरच्या आजऱ्याहून लग्न होऊन मालवणजवळच्या घरात आली, ती ट्रंकेत साड्यांखाली बटाट्याचं बेणं घेऊन. माहेरी तिचा स्वतःचा वाफा होता. इथे परसात सगळा जांभा. माती होती ती विहिरीकडच्या कोपऱ्यात, आणि तिथे सासूबाई, म्हणजे माई, सुरण लावत. कार्तिकात सुरण निघाल्यावर मथुरेने तो कोपरा मागितला.

"शिवरात्रीच्या उपासाक तुझे बटाटे ताटात इले, तर कोपरो तुझो," माई म्हणाल्या. "नाय तर चैत्रात माझो सुरण."

माईंचे नियम असे पक्के असत. कोंब आलेली वस्तू त्या कधी टाकून देत नसत. आलं असो की नारळ, ते मातीत जायचं. एकदा फुटलेला कांदा त्यांनी तुळशीवृंदावनात लावला होता. तुळशीने तो सोसला.

मथुरेने बेण्याचे काप राखेत घोळवून लावले. रोपं वाढली तशी बुडाशी मातीची भर घातली आणि पहिल्या संक्रांतीला ती माहेरी गेली. परत आली तेव्हा भर नव्हती. उघडे पडलेले बटाटे कैरीसारखे हिरवे झाले होते.

"माई, भर कुणी काढली?"

"मी. काळोखात कसो पिकतलो तो? जरा ऊन खावंदे."

"हे हिरवे पडलेत. हिरवा बटाटा खाऊ नये, पोट बिघडतं."

"हिरवो आंबो खाल्लो तरी बिघडता. म्हणानच अढी घालतत."

मथुरेने नवऱ्याकडे पाहिलं. काशिनाथ मास्तर शाळेत सूर्यप्रकाशाचं महत्त्व शिकवून नुकते आले होते. ते पाय धुवायला विहिरीवर गेले.

मातीखाली जे पांढरे निघाले ते रिठ्याएवढे होते. शिवरात्रीला ताटात रताळी आली. माईंनी सुनेला एक जास्त वाढलं आणि म्हणाल्या, "वायदो तो वायदो."

हिरवे बटाटे मात्र माईंनी माळ्यावर गवतात, एकाला एक न चिकटवता, नीट मांडले. अधूनमधून त्या वर चढून वास घेत. शेजारची शेवंती कुंपणापलीकडून विचारी, "माई, पिकले काय गो बटाटे?"

"हापूसाक येळ लागता. हे तर घाटावरचे."

चैत्रात माईंनी सुरणाचे कंद लावणीसाठी काढून ठेवले आणि अढी उपसायला मथुरेला माळ्यावर चढवलं. बटाटे तसेच हिरवे होते, थोडे सुरकुतलेले, आणि प्रत्येकाला बोटभर कोंब.

माईंनी एक हातात घेऊन फिरवून पाहिला. मग सुरणाकडे पाहिलं. मग परसाकडे, जिथे जांभ्यावर ऊन तापत होतं.

"सुरणाक अजून डोळो फुटाक नाय," त्या शेवटी म्हणाल्या. "तो थांबतलो. ह्येंका मात्र टाकूचा नाय. बघतंस काय गो? कुदळ हाड."

"आणि कोपरा, माई?"

"लावल्यार आता कोणाचो? तूच बघ. भर घालूची ती घाल, मी हात लावूचंय नाय."

कोकणातल्या चैत्राच्या उन्हात बटाटा धरत नाही, हे मथुरेला ठाऊक होतं. तिने कुदळ आणली.