वलयामागचा माणूस

मित्रांनो, मी एक जुनं चित्र आहे, आणि माझ्या डोक्यामागचं हे सोनेरी वलय माझं नाही.

इटलीतल्या बेर्गामो गावात मारियोत्तो नावाच्या चित्रकारानं मला लाकडी फळीवर रंगवलं. समोर बसले होते लाटान्सिओ, सदा पोथ्यांत बुडालेले पंडित.

"नाक जरा लहान कर की रे," ते म्हणाले.

"लहान केलं तर तुमची लेक ओळखायची नाही," मारियोत्तो हसला.

नाक तसंच राहिलं, उजव्या तर्जनीवरचा शाईचा डागही राहिला. लेक ओर्सोला आईवेगळी पोर. त्याच बोटामागे डोळे फिरवत ती वाचायला शिकली होती.

पुढे दिवस फिरले. लाटान्सिओंनी एका पुस्तकात धर्मपीठाला न रुचणारं लिहिलं म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं. ते तिथेच वारले. पुस्तकं चौकात जाळली. त्यांचं चित्र कोणाकडे असेल तर तेही आगीत द्यावं, अशी दवंडी फिरली. ओर्सोलाजवळ वडिलांचं दुसरं काहीच उरलं नव्हतं. तिनं मला शालीत गुंडाळून मारियोत्तोकडे नेलं.

"काका, यांचा संत करा. जेरोम करा, तेही पुस्तकांतच रमायचे."

"पोरी, माझ्याच हातानं झाकू होय याला?"

"दाढी द्या, वलय द्या. नाक आणि बोट तेवढं राहू द्या."

म्हातारा डोळे पुसत रंगवत होता. संत जेरोमच्या चित्रात पायाशी सिंह हवाच, तशी रीतच. सिंह त्यानं जन्मात पाहिला नव्हता, मग शेजारच्या कुत्र्याकडे बघून भागवलं.

झडतीला पाद्री आले. मला पाहून त्यांनी टोपी काढली. "एवढा देखणा संत घरात कशाला, बाई? चर्चमध्ये शोभेल."

नाही म्हणावं तर संशय. ओर्सोलानं मान डोलावली. मी वाचलो, पण तिची भिंत रिकामी झाली.

चाळीस वर्षं लोक माझ्यापुढे गुडघे टेकत होते. कोणाची दाढ दुखे, कोणाचा मुलगा हरवलेला. मला त्यांच्यापुढे लाज वाटे, मी संत थोडाच होतो. ओर्सोला रोज सकाळी मेणबत्ती लावून जाई. शेवटी तिला दिसेनासं झालं. एकदा तिनं चाचपडत माझ्या बोटावर हात ठेवला. ओठ हलले.

"आजी, संतांना हात नाही लावायचा. रंग जातो," मागून नवा पाद्री म्हणाला.

"चुकलं, फादर." ओठांवर आलेलं तिनं गिळलं आणि हात काढून घेतला. त्या हिवाळ्यानंतर ती आली नाही.

आता मी संग्रहालयात आहे. खाली लिहिलंय, 'संत जेरोम. चित्रकार अज्ञात.' लोक सिंहाला हसतात आणि पुढे जातात.

मित्रांनो, जुनी चित्रं जपा, एवढं तर मागतोच. पण माझ्यासमोर आलात तर वलय सोडून बोटावरचा डाग पाहा, आणि हळूच 'लाटान्सिओ' म्हणा. 'बाबा' म्हणणारी एकच होती. वलय आल्यापासून तिला ते माझ्यासमोर म्हणता आलं नाही.