थेंबाचा नवस

"आडवी पडली, आडवी! चाल हरीओम, लंगडी घाल!"

शिवम ओरडला आणि चौथीची पोरं भर पावसात हरीओमभोवती नाचू लागली. ओल्या जमिनीत सळई फेकून रोवायची, रुतली की तिथून पुढचा डाव टाकायचा. आडवी पडली की तिथून पहिल्या रेघेपर्यंत एका पायावर परत यायचं. हरीओमची सळई थेट हापशीपाशी पडली होती. तो अर्ध्यातच घसरला आणि चिखलात बसला.

"मावशी, यानं पाय टेकवला!"

"पाय कुटी टेकवला बापा, तो तर पुरा टेकला," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि पोरं खिदळली. डोक्यावरचा पदर ओलाचिंब, हातात चिखलाच्या बैलांसाठी मळलेला गोळा. एकोणीस वर्षं त्या या शाळेत खिचडी शिजवत होत्या. चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा. त्यांचा नेम निराळा होता. पावसाच्या दिवशी पोरांची जेवणं झाली की अर्धा तास त्यांना मैदानावर न्यायचं, स्वतः त्यांच्यात उभं राहायचं, शेवटच्या पोराचं डोकं कोरडं पुसून झालं की मगच आपण घास घ्यायचा. प्रसेनजित सर पहिल्या वर्षी घाबरले होते. आता तेच दोरीवर पंचे वाळत घालत.

व्हरांड्याच्या पायरीवर दुसरीतली योगिनी एकटीच बसली होती. पागोळीचं पाणी पायरीवर आदळून उडालं की ती झटकन पाय आत घ्यायची आणि बोटं निरखून बघायची.

"मावशी, माहे पाय नाई भिजले, पाह्य."

मनकर्णाबाईंच्या हातातला गोळा तसाच राहिला. त्या व्हरांड्यात आल्या.

"तुले काहून खेळू देत नाई माय? छाती भरते म्हनून?"

"डॉक्टर तं खेळू द्या म्हन्ते. मायच नाई म्हन्ते."

तेवढ्यात समोरच्या घरातून योगिनीची आई, सरिता, छत्री घेऊन धावतच आली. पोरगी पायरीवर दिसली तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला. तिनं योगिनीचे केस चाचपले, फ्रॉकची कड चाचपली.

"तुमी तिले नेलं तं नाई न मावशी पावसात?"

"नाई नेलं. पन डॉक्टरनं काय सांगतलं सरिता?"

"दम्याचा पंप घेऊन खेळू द्या, भिजली तं लगेच पुसा, म्हने." सरितानं आवाज खाली आणला. "डॉक्टरचं नाई मावशी. मी देवीले बोलून बसली. पोरीचा दम जाईस्तोवर पावसाचा एक थेंब तिच्या अंगावर पडू देनार नाई. दोन वर्सं झाली. आता मोडू कशी? मोडलं आन् काई झालं तं?"

मनकर्णाबाई खांबाला धरून खाली बसल्या. आत खिचडीच्या रिकाम्या गंजावर कुणीतरी पळी वाजवत होतं. सरांनी दटावलं तसा तो आवाज थांबला.

"माही निकिता सात वर्सांची होती," त्या म्हणाल्या. "तिलेही दम होता. म्याबी हाच नवस बोल्ला, सरिता. शब्दही हेच. चार पावसाळे पोरगी उंबरठ्यावर बसली. अशीच पाय आत घेई. माय, नाई भिजले, पाह्य, म्हने. मी म्हनो, बरी झाली की खेळजो, येत्या पावसात. आन् पूस महिन्यात गेली. आभाळात ढग नोता. सळई तिनं आधीच घासून ठेवली होती, मोडक्या बादलीच्या कडीची. ते सळई हेच, पोरं जिच्यानं खेळून राह्यली."

सरितानं मैदानाकडं पाहिलं. शिवमनं फेकलेली सळई चिखलात उभी होती.

"नवस म्या बोल्ला होता. फेडला तिनं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

सरिता म्हणाली, "पन मावशी, देवीपुढचा शब्द हाय. मले लय भेव लागते."

"शब्द मोडू नको. मले दे. माह्या सासूनं आपल्या बहिनीचे सोमवारचे उपास घेतले होते पदरात. जा, मूठभर तांदूळ आन."

"आत तं पोतं हाय की."

"ते शाळेचे हायेत. तुया घरचे आन."

सरिता घरी गेली आणि मूठ छातीशी धरून आली. मनकर्णाबाईंनी हातपाय धुतले, ओलं लुगडं बदललं, डोकं खसखसून पुसलं. अंग पुरतं कोरडं झालं तेव्हा गावच्या देवळाकडं तोंड करून त्यांनी पदर पसरला. सरितानं मूठ पदरावर धरली, पण उघडली नाही.

"पक्कं न मावशी? तुमी तं पोरायसंगं..."

"टाक."

तांदूळ पदरात पडले. मनकर्णाबाईंनी गाठ मारली आणि कमरेला खोचली. "पोरीचा दम जाईस्तोवर पावसाचा थेंब आता माह्या अंगावर नाई. सांगतलं म्या देवीले. जा योगिनी, पयले पंप घे, मंग जा."

योगिनीनं आईकडं पाहिलं. सरितानं मान हलवली, मग तोंड फिरवलं. पोरगी पायरी उतरली आणि पहिल्या थेंबाला खांदे आवळून उभी राहिली. मग हळूहळू तिनं तोंड वर केलं.

शिवमनं तिच्या हाती सळई दिली. पहिल्यांदा आडवी पडली. दुसऱ्यांदाही. "असी नाई व, टोक खाली धर!" तिसऱ्यांदा रुतली.

"मावशी, या न! पाहा न!"

"इथूनच दिसते," मनकर्णाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी डोकी पुसायला पोरं व्हरांड्यात त्यांच्याकडं एकेक करून आली. योगिनीचं डोकं सरितानं पुसलं, पुन्हा पुन्हा, दुसऱ्या पंच्यानं, नंतर आपल्या पदरानं. मग छातीला कान लावून बसली. शेवटी "काई नाई वाजत," असं ती स्वतःशीच म्हणाली.

शाळा सुटली तरी पाऊस धरूनच होता. प्रसेनजित सरांनी छत्री पुढं केली. "चला मनकर्णाबाई, घरापर्यंत सोडतो."

"छत्रीतही उडतेच जी. तुमी जा. उघडला की जाईन मी."

"आज नाहीच उघडला तर?"

"उघडन," त्या म्हणाल्या.

सर गेले. मैदानावर खड्ड्याखड्ड्यांत पाणी साचलं होतं. मधोमध सळई उभीच होती. घाईत ती उचलून आणायची राहून गेली होती. रोज मनकर्णाबाई ती घरी नेऊन देव्हाऱ्यापाशी ठेवत. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, पायरीपर्यंत गेल्या, आणि तिथंच बसल्या.

डबा उघडून त्यांनी पहिला घास घेतला. पागोळीचं पाणी पायरीवर आदळलं आणि उडालं.

मनकर्णाबाईंनी झटकन पाय आत घेतले, आणि बोटं निरखून पाहिली.