उजवा पुढचा, डावा मागचा

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. मी गंजलेली नाही, मोडलेली नाही आणि मला कुणी भंगारातही टाकलेलं नाही. जुन्या वस्तू स्वतःची कहाणी सांगायला बसल्या की नेमकी हीच रड रडतात, हे मला ठाऊक आहे. माझी रड वेगळी आहे. ऐकायची असेल तर बसा, नसेल तर खुशाल खेळायला जा. मी रागावणार नाही.

माझा जन्म ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर, होबार्ट शहरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथला कारागीर पोलादी नळ्या जोडून एका वेळी एकच सायकल बनवायचा. त्यानं माझ्या मालकिणीच्या, नेरिडाच्या, हातापायांची मापं घेतली आणि त्या मापानं मला घडवलं. शिंप्यानं बेतून शिवलेल्या कपड्यासारखी मी तिच्याच अंगाची होते. दुसरं कुणी बसलं की मला अवघडायचं आणि त्यालाही.

नेरिडा बालवाडीत शिकवायची. तिचं घर डोंगराच्या अंगावर, फर्न ट्री नावाच्या वस्तीत. तिथून कुठंही निघालं की आधी उतार आणि घरी परतताना चढ. चढाला पाय लागतात, मित्रांनो, पण उताराला हात लागतात. दर रविवारी ती आणि तिची मैत्रीण रोझलिन समरलीज रोडच्या वळणांवरून भरारा खाली किंग्स्टनला उतरायच्या, बेकरीत बसून करीतल्या शिंपल्यांचं गरम पॅटिस खायच्या, आणि दमत, हसत, नवऱ्यांच्या कागाळ्या करत वर यायच्या. मला तो वास अजून आठवतो. काय दिवस होते ते!

मग नेरिडाच्या बोटांना संधिवात धरला. माझे ब्रेक तेव्हा तारेचे होते. चाकांना डिस्क, म्हणजे चकत्या होत्या, पण त्या दाबायला तार ओढावी लागायची आणि तार ओढायला मुठीत जोर लागायचा. एका रविवारी उताराच्या तळाशी तिनं जीव खाऊन लिव्हर ओढले, तरी मी थांबले नाही. एका ट्रकच्या नाकासमोरून आम्ही चौक ओलांडला. ती हसली खरी, पण पुढं मला हातात धरून चालत निघाली. त्या संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली की आता सायकल बंद करावी म्हणते. हे बोलताना ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्यासाठी सायकल बंद म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही होतं.

तिचा नवरा बेव्हन. जन्मभर बोटींच्या इंजिनांवर काम केलेला माणूस, आणि घरामागची पत्र्याची शेड हे त्याचं राज्य. घरातली एखादी वस्तू दुरुस्तीला दुकानात न्यायची म्हणजे त्याला नाक कापल्यासारखं वाटायचं. बायकोवर मात्र त्याचा फार जीव. त्यानं गुपचूप युरोपातून तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक मागवले. अशा ब्रेकला तार नसते. लिव्हर दाबला की नळीतलं तेल पुढं सरकतं आणि पॅड डिस्कला चावतात. एका बोटानं काम होतं.

नेरिडा बहिणीकडे लॉन्सेस्टनला गेली तेव्हा त्यानं मला शेडमध्ये टांगलं. तिला चकित करायचं होतं ना! हॅंडलची पट्टी सोडवली, जुन्या तारा ओढून काढल्या, नवे ब्रेक बसवले. डिस्कना बोटांचा तेलकटपणा लागू नये म्हणून त्या कडेनं धरल्या. चाक फिरवून कान लावून बसायचा. पॅड जरा घासल्याचा आवाज आला की स्क्रू सैल करायचा, लिव्हर दाबून धरायचा आणि पुन्हा आवळायचा. इतक्या मायेनं मला आजवर कुणी हात लावला नव्हता.

सगळं बसवून झाल्यावर त्यानं उजवा लिव्हर दाबला आणि मागचं चाक थांबलं. तो चमकला. आमच्याकडे उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा आणि डावा मागच्या चाकाचा. इथली पोरं हे चालायला शिकल्यासारखं शिकतात, नंतर त्याचा विचारही करत नाहीत. हे ब्रेक आले होते ते उलटे, कारण तिकडची रीतच उलटी. तेल कारखान्यातच भरलेलं, नळ्या जोडूनच आलेल्या. उजवं-डावं बदलायचं तर नळ्या सोडवायच्या, कापायच्या, तेल पुन्हा भरायचं आणि आतली हवा थेंबाथेंबानं काढायची. अशा नाजूक नळ्यांवर त्यानं आधी कधी काम केलं नव्हतं. आणि नेरिडा दुसऱ्या दिवशी येणार होती.

त्यानं डोकं खाजवलं आणि स्वतःशीच म्हणाला, "काही होत नाही."

आमच्या बेटावर हे वाक्य म्हणजे रामबाण औषध. छप्पर गळतंय, काही होत नाही. बोटीत पाणी शिरतंय, काही होत नाही. आणि शंभरातल्या नव्वद वेळा खरंच काही होत नाही, म्हणून तर हा रोग जात नाही! मी ओरडले असते हो. पण मला घंटी आहे, तोंड नाही.

नेरिडा आली. तिनं एका बोटानं लिव्हर दाबला आणि मी जागच्या जागी थबकले. तिनं पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, आणि तिचे डोळे भरून आले. बेव्हन शेडच्या दाराशी उगाचच हत्यारं आवरत उभा होता. गल्लीत एक फेरी मारून ती परत आली तेव्हा तिच्या कपाळाला आठी होती.

"अरे, ब्रेक उलटे झालेत का?"

"ते तसेच आलेत. आठवडाभरात सवय होईल तुला, नेरी."

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग तिला त्याची तेलानं काळी झालेली नखं दिसली आणि लहान मुलासारखा आशेनं बघणारा त्याचा चेहरा दिसला. "बरं," ती म्हणाली. मित्रांनो, तिचं सगळं पुढचं आयुष्य त्या एका 'बरं'नं ठरवलं.

रोझलिननं मात्र त्याला सोडलं नाही. "बेव्हन, सायकल जोडलीस की आरसा?" असं तिनं त्याला तोंडावर विचारलं. तो हसला, नेरिडाही हसली. उतारावर ती पाढे म्हणावेत तसं पुटपुटायची, डावा पुढचा, उजवा मागचा. अख्खा उन्हाळा सुखाचा गेला. पुढं पुढं तिचं पुटपुटणंही थांबलं. सवय झाली असं तिला वाटलं, त्याला वाटलं आणि देवाशपथ सांगते, मलाही वाटलं.

पानगळीतली सकाळ होती. समरलीज रोड ओला होता, त्यावर पानं चिकटलेली. वळण संपता संपता झाडीतून एक वॉलबी, म्हणजे छोटा कांगारूच, उडी मारून थेट समोर आली. अशा वेळी माणूस विचार करत नाही, हात करतात. तिच्या हातांना चाळीस वर्षांपासून एकच ठाऊक होतं की ओल्या रस्त्यावर मागचा ब्रेक आधी, म्हणजे डावा. तिनं डावा लिव्हर सगळ्या मुठीनं आवळला. एका बोटाचं काम होतं ते! माझं पुढचं चाक जागीच अडकलं, मागचं उचललं गेलं आणि ती माझ्यावरून पलीकडे डोक्यावर पडली. वॉलबी निघून गेली. रोझलिन मागून तिच्या नावानं हाका मारत होती. मला साधा ओरखडाही आला नव्हता.

नेरिडा जगली. पण मानेतला मज्जारज्जू तुटला. पाय गेले, आणि हात असून नसल्यासारखे झाले. ज्या बोटांसाठी एवढा खटाटोप केला, ती बोटं आता चमचाही धरत नाहीत.

ती रुग्णालयात होती तेव्हा बेव्हननं मला पुन्हा टांगलं. नळ्या सोडवल्या, कापल्या, उजवं-डावं बदललं. तेल भरलं, हवा काढली. पहिल्यांदा बिघडलं, पुन्हा केलं. ते काम त्याला वाटलं होतं तेवढं अवघड नव्हतंच. एवढंच करायचं होतं, हे कळलं तेव्हा तो शेडच्या जमिनीवर खाली बसला आणि हमसून हमसून रडला.

ती चाकाच्या खुर्चीतून घरी आली तेव्हा तो मला तिच्यापुढं घेऊन आला. का आणलं देव जाणे. मी तर लाजेनं मेले. "उजवा पुढचा केलाय," तो म्हणाला. मग त्यानं तिचा हात उचलून माझ्या लिव्हरवर ठेवला, तिची बोटं एकेक करून त्याभोवती वळवली आणि त्यावर आपला हात ठेवून दाबलं. ब्रेक अचूक लागला.

"छान केलंस हो," ती म्हणाली. बालवाडीतल्या मुलानं वेडंवाकडं चित्र दाखवलं की ती ह्याच आवाजात म्हणायची. बेव्हननं मान खाली घातली आणि मला परत शेडमध्ये नेलं.

तेव्हापासून तो रोज शेडमध्ये येतो. साखळीला तेल घालतो, चाकं फिरवून आवाज ऐकतो, मऊ फडक्यानं मला पुसतो. माझ्यावर कुणी बसणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. वस्तूंची काळजी घ्या, असं दुसरी एखादी सायकल तुम्हाला सांगेल. मी नाही सांगणार. माझी काय कमी काळजी घेतली? मित्रांनो, तुमच्या माणसासाठी काही करायला घ्याल तेव्हा आधी त्याला विचारा, आणि त्यानं तुमच्यासाठी केलेलं खटकलं, तर नुसतं 'बरं' म्हणू नका. बेव्हन मला रोज पुसतो. तिला त्यानं एकदा पुसलं असतं, तर मी आज रस्त्याच्या धुळीनं माखलेली असते.